एंडसेमच्या आधी चहा-कॉफी पूर्ण बंद करायचीये, कसं जमवू?

चौथा_मजला:
नमस्कार मंडळी. सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, गाव बार्शीच्या बाजूला. मला चहा कॉफी एनर्जी ड्रिंक सगळंच बंद करायचंय आणि एंडसेम म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा चालू व्हायच्या आत करायचंय. ज्यांनी खरंच सोडलंय त्यांनी सांगा प्लीज.

सध्या काय चालतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी उठलो की मेसखालच्या टपरीवर चहा, नाष्टा बऱ्याचदा नसतोच, चहा आणि क्रीमरोल एवढंच. मग दोन लेक्चर झाली की ग्रुप खाली उतरतो तेव्हा एक, प्रॅक्टिकल संपलं की एक, संध्याकाळी अभ्यासिकेत जायच्या आधी एक, आणि रात्री साडेदहाच्या आसपास रूमवर इन्स्टंट कॉफी, मोठ्या स्टीलच्या ग्लासात दोन चमचे भरून. सबमिशनचा आठवडा असेल तर वरून ते वीस रुपयेवालं एनर्जी ड्रिंक, एका रात्रीत कधी कधी दोन. झोप लागते तीनला आणि आठचं लेक्चर असतं.

आता काही दिवसांपासून रात्री आडवं पडलं की छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, बीपी बघितलं, थायरॉईडची टेस्ट करायला लावली, सगळं नॉर्मल आलं. मग त्यांनी विचारलं दिवसाला चहा-कॉफी किती होते, मी सांगितलं, ते म्हणाले आधी हे कमी कर मग पुढचं बघू. त्यामुळे सोडायचं हे पक्कं आहे, त्यात वाद नाही.

अडचण अशी की मागे गावी गेलो तेव्हा एक दिवस सकाळपासून काहीच घेतलं नाही तर दुपारपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सहन होईना, मळमळ, अंग मोडून आलं, आईला वाटलं ताप येतोय, संध्याकाळी तिने चहा दिला आणि थोड्या वेळात सगळं गायब. हेच पेपरच्या तोंडावर झालं तर काय करणार. म्हणून विचारतोय एकदम तोडू की हळूहळू, डोकं दुखलं तर काय घ्यायचं, रात्रीचा अभ्यास याच्याशिवाय होतो का. आणि मला सगळ्यात अवघड वाटतंय ते टपरीचं. आमचा ग्रुप दिवसभर वेगवेगळ्या बॅचला असतो, भेटतो तो टपरीवरच, कोणाची असाइनमेंट झाली, कोणाच्या घरी काय टेन्शन आहे, सगळं तिथेच बोललं जातं. तिथे जायचं बंद केलं तर मी एकटा पडेन.

नवीपेठ_अभ्यासिका:
भावा मी याच्यातून गेलोय, फक्त मी एमपीएससीवाला. अभ्यासिकेत सकाळी सातला बसायचं ते रात्री अकरापर्यंत आणि मध्ये दर दीड-दोन तासाला कोणीतरी मान वर करून खुणावतं की चल खाली. नवी पेठ, शास्त्री रोडला राहिलेल्यांना माहितीये.

एकदम तोडू नको. आणि महत्त्वाचं म्हणजे शेवटचा कप पहिला काढ. रात्रीची कॉफी आधी बंद करायची, बाकीच्या चहाला तोपर्यंत हात लावायचा नाही. ती गेली की झोप लवकर लागायला लागते, झोप झाली की सकाळी ती मरणाची तलफ कमी होते, मग संध्याकाळचा काढायला सोपा जातो, असं मागून पुढे यायचं, सकाळचा सगळ्यात शेवटी. बहुतेक पोरं उलटं करतात, जोशात सकाळचाच चहा सोडतात, दुपारी डोकं दुखतं, मग संध्याकाळी दोन पितात आणि रात्री जागे राहतात, आणि मग म्हणतात आपल्याच्याने होत नाही. होतं, क्रम बदलायला पाहिजे फक्त.

संध्याकाळी चहाची वेळ झाली की माझं अंग आपोआप उठायचं, बसवतच नव्हतं. तेव्हा मी पर्वती चढून यायला लागलो, जाऊन येऊन चाळीस-पन्नास मिनिटं जातात पण आल्यावर डोकं जेवढं साफ असायचं तेवढं चहाने कधीच झालं नव्हतं. तुझ्या जवळ जे असेल ते बघ, टेकडी, ग्राउंड, नदीचा रस्ता, पण त्या वेळेला खुर्चीतून उठायचं हे मोडू नको, ब्रेक लागतोच.

पांढरा_कोट:
एमबीबीएस झालंय, सध्या इंटर्नशिप. जरा आकड्यात सांगतो कारण तुझ्या बाबतीत आकडेच सगळं सांगतायत.

आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि तिचीच हैदराबादची पोषण संस्था एनआयएन यांनी २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाला ३०० मिग्रॅ कॅफिनच्या वर जाऊ नका म्हटलंय. १५० मिलीचा कप धरला तर पावडर गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिग्रॅ. टपरीचा कप छोटा असतो, ७०-८० मिली, म्हणजे त्यातलं निम्मं धर. तुझे दिवसभरातले चार चहा मिळून साधारण १०० च्या आसपास येतात. रात्रीची ग्लासभर कॉफी दोन चमचे भरून म्हणजे ती एकटीच १०० ते १३०. एनर्जी ड्रिंकला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, लिटरला १४५ ते ३०० मिग्रॅ, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. दोन प्यालास तर १५०. आता बेरीज कर, सबमिशनच्या रात्री तू ३५० च्या वर जातोस आणि त्यातलं बहुतेक सगळं रात्री दहानंतर पोटात गेलेलं असतं. म्हणजे ज्या टपरीला तू घाबरतोयस तिचा वाटा सगळ्यात कमी आहे, रूमवरचा ग्लास आणि त्या बाटल्या हा खरा विषय आहे.

कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, कोणाला तीन, कोणाला सात किंवा त्याहून जास्त, ते लिव्हरमधल्या एका एन्झाइमवर असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. साडेदहाची कॉफी धरली तर साडेतीन वाजता अजून एक इन्स्टंट कपभर कॅफिन तुझ्या रक्तात फिरतंय. त्यावर झोप कशी लागेल आणि लागली तरी गाढ कशी असेल. २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, झोपायच्या सहा तास आधी ४०० मिग्रॅ घेतलेल्या लोकांची झोप तासाभराने कमी झाली होती.

डोकेदुखीचं कारण पण समजून घे म्हणजे भीती जाते. जागं असताना मेंदूत एडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच गुंगी येते. कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते मेंदूत जिथे चिकटतं त्या जागेवर जाऊन बसतं म्हणून झोप आल्याचं कळत नाही, थकवा मात्र तसाच असतो. रोज असं झालं की मेंदू जास्त रिसेप्टर तयार करतो. अचानक कॅफिन थांबलं की एडिनोसिनला सगळं रान मोकळं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. बंद केल्यापासून १२ ते २४ तासात सुरू होतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते नऊ दिवसात जातं. मळमळ, चिडचिड, लक्ष न लागणं, अंग मोडून येणं, उदास वाटणं, हे सगळं त्यातच आलं. याला कॅफिन विथड्रॉवल म्हणून रीतसर निदान आहे, २०१३ पासून डीएसएम या मानसोपचाराच्या निदान-पुस्तकात पण आहे, त्यामुळे कोणी नाटकं करतोय म्हटलं तर मनावर घेऊ नको. आणि रोजचं १०० मिग्रॅ असेल तरी हे होऊ शकतं.

म्हणून हळूहळूच. दर तीन-चार दिवसांनी पाव भाग कमी कर. दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा, मग बंद, मग चहा एकेक. एनर्जी ड्रिंक मात्र आजपासून शून्य, ते रोजचं नाहीये त्यामुळे त्याला हळूहळू वगैरे काही नको. आणि रिकाम्या पोटी चहा-क्रीमरोल याऐवजी आधी काहीतरी खा, केळं, उकडलेलं अंडं, पोहे, काहीही. सकाळी थरथर किंवा पित्त असं काही होत असेल तर ते अर्धं त्यानेच कमी होईल.

दिवाळीनंतर_बघू:
मी जरा वेगळं सांगतो, हळूहळू मला जमलंच नाही. आज अर्धा कप उद्या पाव कप असं करताना दिवसभर डोक्यात तोच हिशोब चालायचा आणि कोणी आग्रह केला की हिशोब गेला. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा एकदम थांबवलं, पहिले दोन दिवस पडून होतो, तिसऱ्या दिवशी दुपारी उठून बसलो, आठवड्यात नॉर्मल. परीक्षा नाही लेक्चर नाही, आई जेवायला घालतेय, याहून चांगली वेळ कोणती. तुझ्या इनसेम (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षा) झाल्या असतील आता, दिवाळीची सुट्टी समोर आहे, मधे पीएल म्हणजे अभ्यासाची सुट्टी आणि मग एंडसेम. मी तर म्हणेन सुट्टीतच उरकून टाक.

एक मात्र आहे, दिवाळीत प्रत्येक घरी फराळासोबत चहा पुढे येतो आणि नाही म्हटलं की मावशी काकू सगळ्या विचारतात का रे बरं नाहीये का. आधीच आईला सांगून ठेव, तीच सांभाळून घेते.

नागपूर_बीएस्सी:
दादा तुझ्यासाठी नाही पण इथे मुली पण वाचत असतील म्हणून लिहिते. कॉलेजच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन खूप कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तरी वाढतच नव्हतं. मॅडमनी विचारलं गोळी कधी घेतेस, म्हटलं जेवण झाल्यावर, आणि जेवण झाल्यावर चहा? तो तर असतोच. चहा कॉफीतलं टॅनिन जेवणातलं आणि गोळीतलं लोह शरीराला नीट मिळू देत नाही. वर डॉक्टर दादांनी सांगितलेल्या त्याच सूचनांत हे पण आहे की जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर चहा कॉफी नको. मी आधी फक्त एवढंच केलं, चहाची वेळ सरकवली आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागली, पुढच्या टेस्टला फरक दिसला. पूर्ण बंद मी नंतर केलं. होस्टेलवर आम्ही सगळ्या मैत्रिणी जेवण झालं की लगेच चहा करत होतो, आता कोणीच नाही करत. ज्यांना पाळीत खूप जातं त्यांनी तर हे नक्की बघा, सगळ्यांना वाटतं आपण कमजोर आहो म्हणून चहा पाहिजे, आणि चहाने आणखीच लोह कमी होऊन राहिलं असते.

पांढरा_कोट:
@नागपूर_बीएस्सी खूप चांगला मुद्दा, मी लिहायलाच पाहिजे होता असा. त्यातच अजून एक, पीसीओडीसाठी (अंडाशयाचा, पाळी अनियमित होण्याचा त्रास) किंवा इतर कारणाने ज्यांना गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या चालू असतात त्यांच्यात कॅफिन जवळपास दुप्पट वेळ टिकतं. म्हणजे मैत्रिणीला संध्याकाळची कॉफी चालते आणि तुम्हाला चालत नाही, याचं कारण गोळी असू शकतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन नावाचं अँटिबायोटिक चालू असेल तरी असंच, तेवढे दिवस चहा कमीच ठेवा.

जिम_सातारा:
प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधीची पावडर घेणाऱ्यांनी डब्यावरचं लेबल वाचा मित्रांनो. एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिग्रॅ पर्यंत कॅफिन असतं आणि पोरं संध्याकाळी सातला घेऊन साडेआठपर्यंत व्यायाम करतात. नंतर झोप नाही म्हणून ट्रेनरला विचारतात, ट्रेनर अजून एक डबा देतो. एक कप चहा सोडून काय होणार मग. मी फक्त केळं आणि पाणी यावर करतो, वजनं तेवढीच उचलतो.

बेळगाव_खानापूर:
आमच्याकडं कॉफीचं प्रस्थ जास्त. तुला कॉफीची चवच सुटत नसेल तर चिकोरी जास्त असलेली पावडर घे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ भाजून केलेलं, त्यात कॅफिन नसतंय, चव मात्र कडवट तशीच लागती. बाजारात मिळणाऱ्या कॉफी-चिकोरीत चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे, पाकिटावर प्रमाण छापलेलं असतंय ते बघून घे. मी आधी शुद्ध कॉफी, मग मिक्स, मग मिक्सची पण अर्धीच पावडर असं करत आलो, घरात कुणाला कळलं पण नाही आणि डोकं पण दुखलं नाही.

अमृततुल्य_घरचा:
टपरीबद्दल मी सांगतो कारण आमच्या बाबांचं अमृततुल्य आहे, मी कॉलेज करून संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. तू टपरीवर जाणं अजिबात बंद करू नको. चहा न पिणारे रोज येतात आमच्याकडे, उकाळा मागतात, दूध, आलं, वेलची, जायफळ, चहा पावडर नाही. कोणी नुसतं गरम दूध घेतं, कोणी लिंबू सरबत. उकाळा आणि चहा एकाच किमतीला नसतो सगळीकडे पण फार फरक नसतो. बाबांना उलट आवडतं कोणी उकाळा मागितला की, ते वेगळं पातेलं ठेवतात त्याचं.

आता काही गोष्टी ज्या रोज ऐकतो. एक, गुळाचा चहा चालतो का. गुळाने साखर बदलते, पावडर तीच आणि तेवढीच असते, कॅफिन तेवढंच. दोन, ग्रीन टी. त्यात पण कॅफिन असतं, थोडं कमी असेल पण असतंच, बंद करायचं म्हणून ग्रीन टीवर जाणारे चार चार कप पितात. तीन, कडक. कडक मागितला की आम्ही तोच चहा अजून उकळतो किंवा पावडर वाढवतो. टपरीवर बहुतेक सीटीसीची (मशीनमध्ये चुरून केलेल्या दाणेदार चहाची) बारीक पावडर किंवा डस्ट असते, ती पटकन उतरते, म्हणून रंग आणि कडकपणा लगेच येतो. तुला कमीच करायचा असेल तर सुरुवातीला कडक नको म्हणून सांग, दूध जास्त घालून द्या म्हण, काही वाटून घेऊ नको. गवती चहा नुसता पाण्यात उकळला, पावडर न घालता, तर त्यात कॅफिन नसतं, नावात चहा असला तरी. आलं-तुळशीचा काढा तसाच.

आणि ग्रुपचं म्हणशील तर मी रोज बघतो, पोरं कपाकडे बघत पण नाहीत, गप्पा चालू असतात आणि कप गार होतो. तुझ्या हातात उकाळा आहे की चहा हे पहिल्या दिवशी विचारतील, दुसऱ्या दिवशी विसरतील.

चौथा_मजला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. @पांढरा_कोट दादा ती बेरीज बघून मी रूममेटला पण दाखवली, त्याचं पण सेम आहे. मला आत्तापर्यंत वाटत होतं टपरीचा चहाच मुख्य आहे. @अमृततुल्य_घरचा उकाळा हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारतो.

दोन गोष्टी राहिल्या. डोकं दुखलं तर घरी आमच्याकडे सॅरिडॉन घेतात, ती चालेल का? आणि रात्रीच्या अभ्यासाचं कोणी सांगितलं नाही. मला खरंच रात्रीच जमतं, दिवसा रूममध्ये पाच जण असतात, आवाज असतो. सबमिशनच्या आधी नाईट मारावीच लागते.

पांढरा_कोट:
सॅरिडॉनमध्ये कॅफिन असतं, एका गोळीत ५० मिग्रॅ. म्हणजे ती घेतली की डोकं थांबणारच, कारण तू एक कप कॉफीच घेतलीस. सोडायच्या दिवसात ती नको, अजून पण डोकेदुखीच्या काही गोळ्यांत असतं, पाकिटामागे वाचून घे. साधी पॅरासिटामॉल घे, तिच्यात कॅफिन नसतं, ती पण खूपच दुखलं तर, रोज नाही. आणि पाणी, वेळेवर जेवण. चहा बंद झाला की चहातली साखर आणि दूध पण बंद होतं हे लोक विसरतात, दिवसाला सात-आठ चमचे साखर अचानक गेली तर गळल्यासारखं वाटणारच, त्याला कॅफिनचा दोष देऊ नको, चार वाजता काहीतरी खा. फुटाणे शेंगदाणे गूळ, स्वस्तात होतं.

सुट्टा_सोडला:
मी पण एक विचारू का याच धाग्यावर. चहा आणि सिगरेट माझं जोडीनेच होतं, सिगरेट सोडून काही आठवडे झाले, चहा तेवढाच आहे, पण आता चहा प्यायल्यावर हात थरथरतात आणि झोप गेलीये, आधी असं व्हायचं नाही. काय कारण असेल?

पांढरा_कोट:
सिगरेट सोडलीस, मनापासून अभिनंदन, ती सोडणं चहापेक्षा कितीतरी अवघड असतं. कारण असं की सिगरेटच्या धुराने लिव्हरमधलं ते एन्झाइम जोरात चालतं आणि कॅफिन लवकर बाहेर पडतं. सिगरेट थांबली की काही दिवसात ते नॉर्मलला येतं, मग तेवढ्याच चहातून रक्तात जवळपास दुप्पट कॅफिन राहतं. बऱ्याच जणांना वाटतं ही सिगरेटचीच तलफ आहे आणि ते परत ओढायला लागतात. तू चहा लगेच निम्मा कर, थरथर कमी होईल. सिगरेटकडे परत जाऊ नको प्लीज.

निवृत्त_प्राध्यापक:
बाळांनो, मी इंजिनिअरिंगलाच शिकवलं, बरीच वर्षं. @चौथा_मजला तुझ्या रात्रीच्या अभ्यासाबद्दल लिहितो. पाच जणांची खोली हे खरं कारण आहे, ते मी नाकारत नाही, आमच्या पोरांना राहायला धड जागा मिळत नाही ही मोठी अडचण आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. पण रात्री तीनपर्यंत जागून वाचलेलं सकाळच्या पेपरला आठवत नाही, कारण दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. मी सुपरव्हिजनला उभा असायचो तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात दिसायचं कोण झोपून आलंय आणि कोण जागून. जागून आलेला पोरगा प्रश्न तीन-तीनदा वाचतो, गणित बरोबर मांडतो आणि युनिट चुकवतो. मला फार वाईट वाटायचं, कारण त्याने मेहनत केलेली असायची.

खोलीतल्या पाच जणांनी बसून एक ठरवा, साडेअकराला दिवा बंद, पहाटे पाचला उठणारे उठतील. पाच ते आठ तेवढीच शांतता असते जेवढी रात्री बारा ते तीन असते. सुरुवातीला जड जाईल, पण कॅफिन कमी होत जाईल तसं आपोआप लवकर झोप येईल, तेव्हा हे दोन्ही एकत्रच सुरू कर, वेगळं करू नको. आणि जर्नल, फाइल जे काही सबमिशनचं असतं ते आठवड्याला प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी लिहून टाकलं तर नाईट मारायची वेळच येत नाही, हे कोणी ऐकत नाही पण मी सांगत राहणार. दुपारी पेंग आली तर वीस मिनिटं आडवा हो, गजर लावून, जास्त नाही.

नवीपेठ_अभ्यासिका:
सरांचं पहाटेचं बरोबर आहे, मी पण शेवटी पहाटेवरच आलो. अभ्यासिका बऱ्याच पहाटे लवकर उघडतात, चोवीस तासवाल्या पण आहेत, रूमवर आवाज असेल तर एक-दोन महिन्यांचीच फी भर, पीएल आणि पेपर एवढ्यापुरती. एनर्जी ड्रिंक आणि रोजचा चहा यांचा खर्च काढून बघ, त्यातले बरेच पैसे तिथूनच निघतील.

चौथा_मजला:
ठरलं मग. एनर्जी ड्रिंक आजपासून नाही. रात्रीची कॉफी आता दीड चमचा, दिवाळीला घरी जाईपर्यंत ती पूर्ण बंद करायची. सुट्टीत संध्याकाळचा आणि दुपारचे दोन, कारण तिथे टपरी पण नाही आणि ग्रुप पण नाही. सकाळचा एक पीएल चालू व्हायच्या आत काढायचा, नाही निघाला तर पेपर होईपर्यंत तेवढा एक ठेवायचा आणि नंतर बंद करायचा, पेपरच्या आठवड्यात मला डोकेदुखी नकोय. आईशी बोललोय, ती म्हणाली तू येईपर्यंत गवती चहा लावते परसात. रूममेट पण तयार आहे, साडेअकराचं बाकीच्यांना विचारतोय.

पांढरा_कोट:
प्लॅन चांगला आहे, पेपरपर्यंत सकाळचा एक ठेवलास तरी काही बिघडत नाही, नाष्ट्यानंतर घे एवढंच. धडधडीवर मात्र लक्ष ठेव. कॅफिन कमी झाल्यावर आठ-पंधरा दिवसात ती कमी व्हायला पाहिजे. नाही झाली, किंवा मधेच चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली, जिना चढताना छातीत दुखलं किंवा दम लागला, तर प्लॅन पूर्ण व्हायची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे परत जा, ते चोवीस तासाचा होल्टर, म्हणजे अंगावर लावायचं ईसीजीचं छोटं यंत्र लावून बघतील. साधा ईसीजी काही सेकंदांचाच असतो, तुझी धडधड रात्री येते, त्यामुळे तो नॉर्मल येऊ शकतो. जाताना कोणत्या वेळी झालं आणि त्याआधी काय प्यालास हे मोबाईलमध्ये लिहून ने.